टर्की ब्रेस्ट, संत्र्याची साल आणि मार्गशीर्षातला गुरुवार (मदत हवीय!)

झिपरी_एनजे | १६ नोव्हेंबर २०२५

मंडळी, यंदा इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे नऊ माणसं आहेत, त्यात नवऱ्याचे ऑफिसातले दोन मित्र बायकापोरांसकट, आणि मी जोशात येऊन "टर्की मी करते" असं बोलून बसलेय. आजवर एकदाही केलेली नाही. दरवर्षी कुणाकडे तरी जाऊन तो कोरडाठाक भुसा ग्रेव्हीत बुडवून गिळलाय आणि परतताना गाडीत "यापेक्षा आपली कोंबडी काय वाईट" म्हटलंय, आता तेच लोक आमच्या घरून जाताना म्हणतील.

अख्खी टर्की झेपणार नाही म्हणून नुसतं ब्रेस्ट आणलंय, हाडासकट, सहा पाउंडाचं, सध्या फ्रीझरात दगड होऊन पडलंय. संत्रं, लिंबू आणि थाइम, रोझमेरी वगैरे सुगंधी पानं घालून रोस्ट करतात ना, तसं करायचंय. ओव्हनमध्ये मी आजवर केक आणि बटाट्याचे वेजेस यापलीकडे काही केलेलं नाही, त्यामुळे अगदी बालवाडीपासून सांगा.

दुसरी भानगड. सासूबाई आल्यात सहा महिन्यांसाठी. आज सकाळी कालनिर्णय उघडून म्हणाल्या, "२७ तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे गं, घट मांडायचाय ना?" झालं. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, तो सरकत नाही आणि महालक्ष्मीही सरकत नाही. काय करू?

खारेदाणे | १६ नोव्हेंबर

हाहा, २०२२ ला पण डिट्टो असंच झालं होतं, २४ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि त्याच दिवशी पहिला गुरुवार. आम्ही गुरुवारी पुरणपोळी केली आणि टर्की शनिवारी. कुणी काही म्हणत नाही, अमेरिकन मित्रांना तर उलट आनंदच होतो कारण गुरुवारी ते आधीच एकीकडे जेवलेले असतात. शनिवारला ढकल.

मिरचीचा_देठ | १६ नोव्हेंबर

टर्की म्हणजे शेवटी मोठी कोंबडीच की. दही, आलं-लसूण, हळद, तिखट, दोन लिंबांचा रस, खोल चिरे पाडून रात्रभर मुरवायची आणि द्यायची ओव्हनमध्ये. एवढं काय त्यात. संत्र्याचा रस पण ओत वाटल्यास.

ओव्हनमाऊली | १७ नोव्हेंबर

देठभाऊ, आदर ठेवून सांगते, असं करू नका. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. तंदुरी कोंबडीचे तुकडे लहान असतात, कातडी काढलेली असते आणि भट्टी प्रचंड तापलेली, म्हणून तिथे दही-लिंबू जमतं. इथे सहा पाउंडाचा गोळा दीड-दोन तास मध्यम आचेवर बसणार. रात्रभर लिंबाच्या रसात ठेवला की वरचा पाव इंच थर आंबटाने आधीच 'शिजतो', मग भाजल्यावर तो खडूसारखा पिठूळ लागतो आणि आतलं मांस होतं तसंच फिक्कं, कारण रस आत फारसा जातच नाही. आत जातं ते मीठ. आणि संत्र्याच्या रसातली साखर ट्रेमध्ये जळून काळी होते, स्मोक अलार्म वाजतो, शेजारचे आजोबा बाहेर येऊन उभे राहतात. आले होते.

झिपरी, तुला मी सगळं लिहून देते, लांबण लागेल, चहा घेऊन बस.

संत्र्या-लिंबाची चव सालीत असते. वरची रंगीत साल तेवढी बारीक किसायची, खालचा पांढरा भाग आला की कडू. एका मोठ्या संत्र्याची आणि एका लिंबाची साल पुरे. सध्या कॅलिफोर्नियाची नेव्हल संत्री नुकती सुरू झालीत, ती घे, आणि कोमट पाण्यात घासून धू कारण वर मेण असतं. लोणी सहा टेबलस्पून, बाहेर ठेवून मऊ झालेलं, वितळवलेलं नाही. त्यात ही साल, टेबलस्पूनभर ताज्या थाइमची पानं, छोटा चमचा अगदी बारीक चिरलेली रोझमेरी (जास्त झाली की कापराच्या वडीसारखं लागतं), सेजची चार-पाच पानं, दोन पाकळ्या लसूण किसून, मिरपूड. झालं तुझं लोणी.

मीठ मात्र वेगळं आणि आदल्या दिवशी. ब्रेस्ट पेपर टॉवेलने ठणठणीत कोरडं करायचं, सगळीकडून मीठ चोळायचं, थोडं कातडीखाली पण, आणि एका ट्रेमध्ये जाळी ठेवून त्यावर फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं. झाकायचं नाही. मीठ आधी पाणी ओढून घेतं, मग तेच खारं पाणी परत आत मुरतं, आणि फ्रिजच्या कोरड्या हवेने कातडी चर्मपत्रासारखी होते. तीच मग भाजल्यावर कुरकुरीत होते, ओली कातडी वाफाळत बसते.

मिठाचं प्रमाण चमच्याने सांगायला भीती वाटते कारण इथे कोशर सॉल्टचे (जाड दाण्याचं मीठ) जे दोन ब्रँड सगळीकडे दिसतात, डायमंड क्रिस्टल आणि मॉर्टन, त्यातलं दुसरं चमच्याला जवळजवळ पावणेदोनपट जड भरतं. सहा पाउंडाला डायमंड असेल तर सव्वा ते दीड टेबलस्पून, मॉर्टन असेल तर पाऊण. आपलं टेबल सॉल्ट आणखी कमी.

भाजायच्या दिवशी: बोटं घालून कातडी हळूच मांसापासून सुटी करायची, फाडायची नाही, आणि दोनतृतीयांश लोणी आत सरकवून वरून हाताने पसरवायचं. उरलेलं वर. हाडांच्या पोकळीत संत्र्याच्या दोन-चार फोडी आणि थाइमच्या काड्या, या फक्त वासाला, नंतर फेकायच्या. ट्रेच्या तळाला कांदा, गाजर, सेलरी आणि कपभर पाणी म्हणजे रस जळणार नाही. तिथे संत्र्याच्या फोडी टाकू नकोस, पांढऱ्या सालीचा कडूपणा उतरतो आणि ग्रेव्ही जाते वाया.

४२५ फॅरनहाइटला पंचवीस मिनिटं, मग ३२५. कातडी फार लाल व्हायला लागली तर वर सैल फॉइल. किती वेळ हे विचारू नकोस, थर्मामीटर घे. पंधरा-वीस डॉलरला मिळतो. हे एक सोडून बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

झिपरी_एनजे | १७ नोव्हेंबर

ओव्हनमाऊली, साष्टांग _/\_ पण थर्मामीटर कशाला, त्या ब्रेस्टमध्ये आधीच एक प्लॅस्टिकचं बटण खुपसलेलं आहे, झालं की ते वर उडी मारतं म्हणे?

ओव्हनमाऊली | १७ नोव्हेंबर

ते बटण उडी मारतं तोवर मांसाचं लाकूड झालेलं असतं. तुला इतकी वर्षं लोकांनी जो भुसा खाऊ घातला ना, त्यातला निम्मा त्या बटणाच्या भरवशावरचा.

डिग्रीवाला | १७ नोव्हेंबर

तापमानावर थोडं बोलतो, माझा आवडता विषय.

सरकारी आकडा १६५ फॅ. म्हणजे ७४ सेल्सिअस. या तापमानाला साल्मोनेला जवळपास लगेच मरतो. पण जंतू मरणं हे तापमान आणि वेळ दोन्हींवर असतं, १५५ ला साधारण मिनिटभरात तेच काम होतं, १५० ला तीन-चार मिनिटं लागतात, फक्त मांसाच्या मध्यभागी तेवढं तापमान तेवढा वेळ खरोखर टिकायला हवं. आणि ब्रेस्टचं मांस १५० च्या पुढे जसजसं जातं तसतसे प्रोटीनचे धागे आवळत जातात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात, ओला टॉवेल पिळल्यासारखं. १८० ला गेलं की संपलं. म्हणजे सगळा खेळ त्या दहा-पंधरा डिग्रीचा आहे.

दुसरं म्हणजे ओव्हनमधून काढलं की शिजणं थांबत नाही, बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी पाच ते दहा डिग्री चढतं. म्हणून १५७-१५८ ला काढायचं, पंचवीस मिनिटं सैल झाकून ठेवायचं, आपोआप १६५ च्या आसपास येतं. घरात वयस्क माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई जेवायला असेल तर १६५ दिसल्याशिवाय कापायचं नाही, नाही चढलं तर परत आत. यात हिरोगिरी नको.

आणि हो, नळाखाली धुऊ नका! आपल्याला मटण-कोंबडी चार पाण्याने धुवायची सवय, मला पण जड गेलं, पण शिंतोडे सिंकभर उडतात आणि जंतू कोशिंबिरीच्या काकडीवर जातात.

मिरचीचा_देठ | १७ नोव्हेंबर

न धुता?? आमच्या आईला हे सांगून बघतो, मलाच घराबाहेर काढेल.

उगाचच | १८ नोव्हेंबर

अवांतर: या पक्ष्याच्या नावाचा घोळ कुणी सांगितला नाही म्हणून मी सांगतो. पक्षी मेक्सिकोकडचा, इंग्रजांना वाटलं तुर्कस्तानातून आला म्हणून टर्की, तुर्कांना वाटलं हिंदुस्तानातून आला म्हणून ते त्याला चक्क 'हिंदी' म्हणतात, आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. आणि हा आपल्याकडे आला तो गोव्याच्या वाटेने. १६१२ मध्ये जहांगीरच्या हुकमावरून मुकर्रबखान गोव्याला जाऊन नवलाईच्या वस्तू घेऊन आला त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहाला नाव ठाऊक नव्हतं पण त्याने लिहून ठेवलंय, लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, आणि माज आला की डोकं-मान रंग बदलतात. मन्सूर या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चित्र इतकं सुंदर आहे की भाजायची इच्छा जाते. अवांतराबद्दल क्षमस्व.

खारेदाणे | १८ नोव्हेंबर

म्हणजे पेरूची भाजी करतो तसं पेरूचा रोस्ट. हलके घ्या.

सदाशिवपेठी_चिमणी | १८ नोव्हेंबर

पुण्यातून विचारतेय. टर्की शोधत फिरायची हौस नाही आणि ओटीजी एवढुसा. हेच अख्ख्या कोंबडीवर करता येईल का? आणि थाइम ताजी मिळत नाही नेहमी.

ओव्हनमाऊली | १८ नोव्हेंबर

चिमणे, नक्की येईल, कातडीवाली सांगून घे फक्त, आपल्याकडचे खाटीक विचारायच्या आत सोलून टाकतात. सव्वा किलोची असली तर लोणी निम्मं, २०० सेल्सिअसला तासभर धर आणि मांडीच्या आत ७४ पाहिजे. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाल, दोन्हींत थायमॉलच असतं म्हणून वास सख्ख्या बहिणींचा. पण चिमूटभरच हं, नाहीतर भज्यांचा वास येईल. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर नीट बसत नाही, तर सोलाण्याने पातळ काढून सुरीने बारीक चिर.

झिपरी_एनजे | १९ नोव्हेंबर

थर्मामीटर आणला! आता नवीन शंका. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय की यात ८ टक्क्यांपर्यंत पाणी-मिठाचं द्रावण घातलेलं आहे. याचं काय करायचं?

ओव्हनमाऊली | १९ नोव्हेंबर

बरं झालं वाचलंस! म्हणजे ते आधीच खारवलेलं आहे. वरून पुन्हा दीड चमचा मीठ चोळलंस तर समुद्र होईल. तू फक्त कातडीवर अर्धा चमचा, छोटा चमचा बरं का, चोळ आणि उघडं सुकवायचं तेवढं नक्की कर. लोण्यात पण बिनमिठाचंच बटर. आणि ग्रेव्हीत मीठ चव बघूनच, ट्रेमधला रस आधीच खारट असणार.

डिग्रीवाला | १९ नोव्हेंबर

आणि वितळवायचं गणित आत्ताच करून ठेव. फ्रिजमध्ये चार-पाच पाउंडाला २४ तास लागतात, म्हणजे सहा पाउंडाला दीड दिवस, दोन धर. ओट्यावर ठेवून वितळवू नकोस. अगदीच विसरलीस तर पाकिटासकट गार पाण्यात, पाउंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं.

झिपरी_एनजे | १९ नोव्हेंबर

ठरलं मग. टर्की शनिवारी २९ ला. बुधवारी रात्री पाकिटासकट गराजमधल्या फ्रिजमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी उघडून मीठ. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध-तूप आहे, तिथे उघडी टर्की ठेवली तर घरात महाभारत. गुरुवारी पाहुण्यांना शाकाहारी थाळी. आता भोपळ्याचा पाय (pie, गोड पदार्थ) करावा म्हटलं तर सासूबाई विचारतात त्यात अंडं असतं का. असतं ना!

खारेदाणे | २० नोव्हेंबर

पायसाठी भोपळ्याचा गर डब्यात मिळतो ना, त्याचेच घारगे कर. गर पातळ असतो, कढईत गुळाबरोबर आटवून घे आधी, मग कणीक मावेल तेवढी.

पाणकावळा_वसई | २१ नोव्हेंबर

आमच्या घरी नाताळला रोस्ट होतो, आई कोंबडीच करते. उरलेल्या मांसाला आम्ही दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटोत बॉटल मसाला (आमच्याकडचा घरगुती मसाला) घालून परततो, पावाबरोबर. रोस्टपेक्षा त्याचीच वाट बघतो खरं सांगायचं तर.

झिपरी_एनजे | ३० नोव्हेंबर

आले आले. वृत्तांत घ्या.

गुरुवारी घट बसला, पुरणपोळी झाली, घारगे झाले, आणि नवऱ्याच्या मित्राने सात घारगे खाऊन हेच पंपकिन पायचं मूळ रूप असणार असं जाहीर केलं.

शनिवारी सव्वाअकराला ब्रेस्ट गराजमधून आणलं. कातडी खरंच चर्मपत्र! आदल्या रात्री ते एवढं केविलवाणं दिसत होतं की नवऱ्याने "हे बिघडलंय का" म्हणून विचारलं. लोणी आत सरकवताना एका बाजूला कातडी दोन इंच फाटलीच, तिथे टूथपिक लावली. साल किसताना जो वास सुटला त्याला तोड नाही, सासूबाई नागपूरच्या, त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, "संत्रा बर्फी करतेस का गं?" मी म्हटलं आई, जवळजवळ.

४२५ ला पंचवीस मिनिटं, मग ३२५. आणि मग माझा जीव जायची वेळ आली. एकूण पाऊण तास झाला असेल, थर्मामीटर खुपसला तर १७४! मी ओरडले, नवरा धावत आला, मी म्हणतेय जळली, संपली, पिझ्झा मागवा. त्याने बघितलं तर काटा आरपार जाऊन टोक हाडांच्या पोकळीत लोंबकळत होतं, म्हणजे आम्ही ओव्हनच्या हवेचं तापमान मोजत होतो. काढून बाजूने, आडवा, सगळ्यात जाड भागात घातला तर ११८. ओव्हनमाऊली, हे पण लिहायचंस ना गं!

एक तास पन्नास मिनिटांनी १५८ ला काढलं. ते बटण तेव्हा ढिम्म होतं. फॉइल टाकून ठेवलं, वीस मिनिटांत १६५ झालं, डिग्रीवाला तुमचा हिशोब तंतोतंत. तेवढ्या वेळात ग्रेव्ही केली, ट्रेमधली चार चमचे चरबी, तेवढाच मैदा बदामी भाजून, दोन कप बिनमिठाचा स्टॉक आणि ट्रेमधला रस गाळून थोडा थोडा, उतरवल्यावर दोन चमचे संत्र्याचा रस. मीठ शून्य घातलं, तरी पुरेपूर होतं.

कापायला यूट्यूब बघितलं, मधल्या हाडाला लागून सुरी खाली नेत अख्खी एक बाजू सुटी करायची आणि मग पोळपाटावर आडव्या चकत्या, प्रत्येक चकतीला कातडीची कड येते. कापताना पाणी, म्हणजे रस, पोळपाटावरून ओघळून ओट्यावर आला. मी एवढी वर्षं इथे राहतेय, टर्कीतून रस येतो हे मला माहीतच नव्हतं. मित्राची बायको, जी स्वतः दरवर्षी करते, ती म्हणाली यात काय घातलंस. मी म्हटलं थर्मामीटर.

चुकलं ते पण सांगते. रोझमेरी मला जास्तच वाटली, पुढच्या वेळी अर्धी. टूथपिक नवऱ्याच्या ताटात गेली. आणि सहा पाउंड आठ जणांना पुरलं पण जेमतेम, मूठभर उरलं.

सासूबाईंनी अर्थातच खाल्ली नाही, त्या महिनाभर पाळतात. पण ग्रेव्हीचा मैदा त्यांनीच भाजून दिला, मला गुठळ्या होत होत्या.

ओव्हनमाऊली | ३० नोव्हेंबर

वा वा! काटा आडवा घालायचा हे राहिलंच लिहायचं, चूक कबूल. हाडं फेकली नाहीस ना?

झिपरी_एनजे | ३० नोव्हेंबर

नाही, फ्रीझरात आहेत. पण पोकळीत संत्र्याच्या फोडी होत्या, रस्सा कडू होईल का?

ओव्हनमाऊली | ३० नोव्हेंबर

फोडी काढून टाक, हाडं एकदा गरम पाण्याने विसळ, मग कांदा, मिरी, तमालपत्र घालून दोन तास मंद. गाळलेल्या पाण्यात नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण, हिरवी मिरची घातली की पांढरा रस्सा. कोल्हापूरकर शिव्या देतील, देऊ देत.

मिरचीचा_देठ | १ डिसेंबर

पांढऱ्या रश्श्यात थाइमचा वास?? आता मात्र हद्द झाली. (रेसिपी सेव्ह केली आहे.)